अवजड यंत्रांच्या टायरचे आयुर्मान

अवजड यंत्रांच्या टायरचे आयुर्मान : खाणी, दगडखाणी, धरणे आणि रस्ते यांच्या कामावर चालणारे डंपर, लोडर, ग्रेडर, बॅकहो (महाराष्ट्रात कोणत्याही कंपनीचा असला तरी ‘जेसीबी’च) अशा यंत्रांचे टायर जास्तीत जास्त काळ चालावेत म्हणून निवड, हवा, भार, वेग, रस्ता आणि दुरुस्ती यांची घेतली जाणारी काळजी. या टायरचे आयुष्य बहुधा किलोमीटरांत न मोजता तासांत मोजतात, कारण लोडरसारखे यंत्र दिवसभर राबूनही फारसे अंतर कापत नाही.

रस्त्यावरच्या ट्रकचा टायर झिजतो, गोटा (नक्षी पार गेलेला, गुळगुळीत) होतो आणि मग बदलला जातो. खाणीतल्या डंपरच्या टायरला असे शेवटपर्यंत झिजणे क्वचितच लाभते. नक्षी (जमिनीला टेकणाऱ्या पृष्ठभागावरच्या खाचा आणि वड्या) निम्मी शिल्लक असतानाच तो दगडाने फाटतो, किंवा आतून तापून त्याचे थर एकमेकांपासून सुटतात. त्यामुळे टायर वाचवण्याचे काम टायरच्या शेडमध्ये होते त्याहून अधिक वाहतुकीच्या रस्त्यावर आणि माल भरण्याच्या जागी होते. टायरवरचा खर्च फिटरच्या नावावर मांडला जात असला, तरी तो कमी-जास्त करणे बरेचसे ग्रेडर (रस्ता सपाट करणारे यंत्र) आणि डोझर (सांडलेला माल रेटून बाजूला करणारे यंत्र) चालवणाऱ्यांच्या हातात असते. अनेक खाणींत डिझेलच्या खालोखाल टायरचा खर्च येतो. साधारण २००५ ते २००८ या काळात जगभर मोठ्या टायरची टंचाई झाली, तेव्हा पैसे मोजूनही टायर मिळेना. आजच्या देखभालीच्या बऱ्याच शिस्तीला त्या काळात जोर आला.

निवड : टायरच्या बाजूवर छापलेल्या संकेतावरून त्याचे काम कळते. अमेरिकेतील टायर अँड रिम असोसिएशनच्या पद्धतीत ‘ई’ म्हणजे माती-दगड वाहणारी यंत्रे, ‘एल’ म्हणजे लोडर व डोझर, ‘जी’ म्हणजे ग्रेडर. पुढचा आकडा नक्षीची खोली सांगतो : ३ म्हणजे नेहमीची, ४ म्हणजे दीडपट, ५ म्हणजे अडीचपट. खडकात काम करणाऱ्या लोडरला एल-५ घातला की तो टिकतो, कारण लोडर ढिगाऱ्याशी पुढे-मागे करतो आणि टायरला निवायला उसंत मिळते. हाच न्याय लांब फेरीच्या डंपरला लावला तर अंगाशी येतो. रबर उष्णतेचे मंदवाहक आहे, त्यामुळे थर जितका जाड तितकी आतली उष्णता कोंडून राहते. रबराच्या मिश्रणाचेही तसेच. कापले न जाणारे मिश्रण अधिक तापते, कमी तापणारे मिश्रण लवकर कापले जाते. दोन्ही गुण एकाच टायरमध्ये पुरेपूर मिळत नाहीत, म्हणून टायर मागवण्याआधी आपल्या खाणीत टायर कशाने जातात हे ठाऊक असावे लागते. बांधणीतही निवड आहे. नायलॉनच्या आडव्या-तिरप्या थरांचा टायर स्वस्त असतो आणि त्याची बाजू दणकट असते. पोलादी तारांचा रेडियल टायर कमी तापतो आणि जमिनीवर सपाट बसतो, पण त्याची बाजू पातळ असल्याने कडेच्या दगडाला घाबरून राहावे लागते. महाराष्ट्रात मुख्यालय असलेली बालकृष्ण इंडस्ट्रीज (बीकेटी) ही या वर्गातले टायर बनवणारी मोठी कंपनी असून तिचा एक कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज येथे आहे.

उष्णता : टायर फिरताना जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि पुन्हा फुगतो. तार वाकवत राहिली की हाताला गरम लागते, तसेच इथेही प्रत्येक फेऱ्यात थोडी उष्णता तयार होते. खांद्यापाशी, म्हणजे नक्षी आणि बाजू जुळतात तिथे, रबर सर्वांत जाड असल्याने ती सर्वाधिक साठते. आतले तापमान १०० अंश सेल्सिअसच्या बरेच पुढे गेले की रबर आणि तारा यांची पकड ढिली होते. बाहेरून टायर ठणठणीत दिसतो आणि एके दिवशी खांद्याला टेंगूळ येते किंवा नक्षीचा अख्खा पट्टा सुटतो.

हे टाळण्यासाठी टन-किलोमीटर-प्रतितास (टीकेपीएच) हे माप वापरतात. रिकाम्या आणि भरलेल्या स्थितीत एका टायरवर येणाऱ्या भारांची सरासरी काढायची आणि तिला पूर्ण पाळीतल्या सरासरी वेगाने गुणायचे. समजा, डंपरच्या पुढच्या टायरवर रिकामे असताना १६ टन आणि भरल्यावर २६ टन भार येतो, म्हणजे सरासरी २१ टन. आठ तासांच्या पाळीत जाऊन-येऊन ८ किलोमीटरच्या १५ फेऱ्या झाल्या, तर अंतर १२० किलोमीटर आणि सरासरी वेग ताशी १५. गुणाकार ३१५. टायर बनवणाऱ्याने दिलेला आकडा याहून कमी असेल, तर तो टायर त्या कामाचा नाही, मग नक्षी कितीही छान दिसो. जास्तीत जास्त भार बहुधा मागच्या टायरवर येतो असे वाटते. पण रिकामे परतताना मागचे टायर बरेच हलके होतात आणि पुढचे तितके होत नाहीत, त्यामुळे सरासरीत अनेकदा पुढचेच जड ठरतात.

बनवणाऱ्यांचा आकडा साधारणपणे ३८ अंश सेल्सिअस हवामान धरून दिलेला असतो. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या नागपूर, चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतील उघड्या कोळसा खाणींत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा तोच टायर तितकेच काम पेलू शकत नाही. मग वेग कमी करणे, भार काटेकोर ठेवणे किंवा लांबच्या आणि जवळच्या फेरीवर डंपर आलटून-पालटून लावणे एवढेच उपाय उरतात. तापलेल्या टायरवर पाण्याचा फवारा मारून काही साधत नाही. वरची कातडी निवते, आतला खांदा तसाच धगधगत असतो.

हवा : हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि कडा आधी झिजतात. हवा जास्त असेल तर तो ताठ होतो, दगडावर आपटल्यावर आतले धागे तुटतात आणि मधली नक्षी झिजते. दोन्हींत कमी हवेचा गुन्हा अधिक घातक आणि अधिक वेळा घडणारा. मोजमाप थंड टायरवरच घ्यायचे, म्हणजे पाळी सुरू होण्याआधी. चालून आलेल्या टायरमधला दाब वाढलेलाच असतो; तो ‘जास्त’ समजून हवा सोडणे ही नव्या हेल्परची नेहमीची चूक. निवल्यावर तो टायर कमी हवेचा झालेला असतो आणि दुसऱ्या दिवशी आणखी तापतो. पहारीने ठोकून आवाजावरून हवा ओळखण्याची आपल्याकडची सवय जोडचाकांतला (एकाच बाजूला शेजारीशेजारी बसवलेल्या दोन चाकांतला) पूर्ण बसलेला टायर शोधायला ठीक आहे. त्यापलीकडे तिचा भरवसा नाही, कारण जाड थरांचा टायर बरीच हवा गेली तरी तसाच वाजतो. हवेचा दाब मोजणारा गेज वापरावा, आणि तो गेजही अधूनमधून दुसऱ्या खात्रीच्या गेजशी ताडून पाहावा. व्हॉल्व्हची टोपी शोभेची नसते. चिखल अडकून व्हॉल्व्ह किंचित उघडा राहिला की हवा थांबवणारी तीच असते.

रस्ता : टायरचा खरा वैरी म्हणजे खाणीतल्या रस्त्यावर सांडलेला दगड. डंपर चढावर लागतो, मागच्या फाळक्यावरून चार दगड घरंगळतात आणि मागून येणाऱ्या डंपरचा पुढचा टायर त्यांवर चढतो. हे बहुतेक वेळा चढाच्या सुरुवातीला आणि वळणावर घडते, म्हणून ग्रेडरची फेरी तिथे आधी हवी. डंपर भरताना त्याच्या मागे-पुढे पडलेला माल डोझरने लगेच ओढून घेतला नाही, तर रिव्हर्स येणारा पुढचा डंपर मागच्या चाकांनी थेट त्या टोकदार दगडांवर जातो. लोडिंगपाशी एक डोझर ‘नुसता उभा’ दिसतो म्हणून हलवला जातो, आणि त्या महिन्यात कापलेल्या टायरची रांग वाढते. हा हिशेब कागदावर एकत्र कधी येत नाही, कारण डोझर एका खात्याचा आणि टायर दुसऱ्याचा.

वळणावर रस्त्याची बाहेरची कड उचललेली नसेल, तर सारे वजन बाहेरच्या टायरवर लोटते आणि खांदे खरवडले जातात. चढ फार तीव्र असेल तर उतारावरच्या बाजूचे टायर जादा ओझे घेतात. भारतातील खाणींत वाहतुकीच्या मुख्य रस्त्याचा चढ सामान्यतः १६ ला १ यापेक्षा जास्त ठेवत नाहीत. पाणी निघून जायला दोन्ही बाजूंना चर हवेत, आणि ते केवळ रस्ता टिकावा म्हणून नव्हे. ओले रबर कोरड्यापेक्षा फार सहज कापले जाते. पाणी धारेला वंगणासारखे उपयोगी पडते. शिवाय डबक्याच्या तळाशी असलेला दगड चालकाला दिसत नाही. विदर्भात त्यामुळे टायरचे दोन हंगाम पडतात : उन्हाळ्यात थर सुटतात, पावसाळ्यात टायर कापले जातात. धूळ बसावी म्हणून टँकरने मारलेले पाणीही बेताचेच असावे. दगडी रस्ता सतत ओलाचिंब ठेवणे म्हणजे बारमाही पावसाळा.

दख्खनच्या पठारावरील खडी क्रशरच्या खदानींत बेसाल्ट फुटतो तो धारदार कपच्यांनी. तिथे लोडरची चाके जागेवर फिरणे सर्वांत महाग पडते. बादली ढिगात घुसवताना चालकाने एकदम ॲक्सिलरेटर दाबला, की पुढची चाके घसरतात आणि नक्षीच्या वड्या सुरीने काढाव्यात तशा निघतात. अनुभवी चालक बादली थोडी उचलून पुढच्या धुऱ्यावर वजन घेतो, मग रेटतो. चाक घसरत नाही. फार कठीण खडकात लोडरच्या टायरवर पोलादी साखळ्यांचे चिलखत चढवतात.

भार : डंपर थोडा जास्त भरला तर फेऱ्या वाचतात, हा मोह सगळीकडे सारखाच. कॅटरपिलरने रूढ केलेला १०-१०-२० हा नियम त्यावर तोडगा आहे : दहांपैकी एकाहून जास्त फेऱ्या ठरलेल्या वजनाच्या १० टक्के वर जाऊ नयेत आणि एकही फेरी २० टक्के वर जाऊ नये. माल एका बाजूला टाकला तर एकूण वजन बरोबर असूनही एक टायर मार खातो.

मागच्या जोडचाकांत दोन टायर एकाच व्यासाचे हवेत. नवा आणि झिजलेला एकत्र घातला तर नवा टायर एकटाच भार उचलतो. जोडचाकांच्या मधल्या फटीत अडकलेला दगड दोन्ही टायरच्या आतल्या बाजू चिरत राहतो आणि बाहेरून दिसत नाही. त्यासाठी मोठ्या डंपरना फटीत लोंबणारे लोखंडी दांडे असतात. दांडा वाकला किंवा तुटून पडला तर तो बदलण्याची घाई कोणी करत नाही, खरे तर टायरच्या तुलनेत त्याची किंमत काहीच नसते. नवे टायर पुढे घालून काही नक्षी झिजल्यावर मागे न्यायची पद्धत सर्वमान्य आहे. पुढे फुटलेला टायर डंपर उलटवू शकतो, शिवाय कमी झालेली नक्षी कमी तापते.

बॅकहोचे गणित वेगळे आहे. फोर-व्हील ड्राइव्ह लावून डांबरी रस्त्याने गावोगाव फिरणे हे त्याच्या पुढच्या टायरच्या लवकर झिजण्याचे नेहमीचे कारण. पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित वेगाने ओढावीत अशी गिअरची रचना असते. चिखलात ती उपयोगी, डांबरावर मात्र टायर खरवडणारी.

दुरुस्ती आणि नोंद : प्रत्येक टायरचा क्रमांक, बसवल्याची तारीख, चाललेले तास, नक्षीची खोली आणि काढण्याचे कारण यांची वही नसेल, तर वरचे सगळे उपाय अंदाजपंचे राहतात. समजा, ८० मिलिमीटर नक्षीचा टायर २००० तासांत ६० मिलिमीटरवर आला, तर तो मिलिमीटरमागे १०० तास देतो. एखादा डंपर ६० तासच देत असेल, तर त्याचा मार्ग, चालक आणि चाकांची रेषा तपासायची. छोटा कट वेळीच तिरपा तासून मोकळा केला तर दगड आत रुतून खोल जात नाही. तारांपर्यंत पाणी पोचल्यावर गंज पसरतो आणि केसिंग (नक्षीखालचा टायरचा मूळ सांगाडा) वाया जाते. केसिंग शाबूत असेल तरच रिमोल्ड करता (त्यावर नवी नक्षी चढवता) येते, म्हणून टायर अगदी तारा दिसेपर्यंत चालवण्यात बचत नाही. साठवणीत ऊन, तेल, ग्रीस आणि वेल्डिंगची जागा टाळायची. वेल्डिंग आणि विजेच्या मोटारी यांच्याजवळ तयार होणारा ओझोन रबराला तडे पाडतो.

धोका : या टायरमधल्या हवेत माणूस मारण्याइतकी ताकद असते. रिंगच्या चाकाचे (ज्याची रिम सुट्या कड्यांनी जोडलेली असते त्याचे) नट सैल करण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडतात, आणि जोडचाक असेल तर दोन्ही टायरची. हवा भरताना चाक आत ठेवायचा लोखंडी पिंजरा वापरायचा आणि समोर उभे राहायचे नाही. हवा भरलेल्या चाकाच्या रिमवर वेल्डिंग कधीही करत नाहीत, कारण आतले रबर जळून निघालेला वायू पेट घेतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. वीज पडणे किंवा डंपरची बॉडी विजेच्या तारेला लागणे यानेही हेच घडू शकते, तेही काही तासांनंतर. ऑस्ट्रेलियातील खाणींत अशा डंपरपासून ३०० मीटर लांब राहून २४ तास थांबण्याचा संकेत आहे. मोठ्या टायरमध्ये नायट्रोजन भरण्याचे मुख्य कारणही आग टाळणे हेच.

निकामी झाल्यावर : टाकाऊ मोठे टायर खाणीत रस्त्याच्या कडेला बांधासारखे किंवा वळणावर दुभाजक म्हणून अर्धे गाडून वापरतात. बाकीचे तुकडे करून चुरा किंवा तेल काढणाऱ्या कारखान्यांकडे जातात. जुलै २०२२च्या नियमांनुसार भारतात टाकाऊ टायरच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादक आणि आयातदार यांच्यावर टाकली आहे.