बद्द वाजतं, तरी अस्सल

रुपया वाजवून घ्यायची आपल्याकडची रीत जुनी. ठसा मारून पाडलेलं चांदीचं नाणं फरशीवर टाकलं की खणकन वाजतं. साच्यात ओतलेलं बद्द वाजतं. बद्द वाजलं की खोटं, हा संग्राहकांचा साधा हिशेब. मेक्सिकोच्या स्वातंत्र्ययुद्धातली नाणी हाती आली की तो कोलमडतो.

१६ सप्टेंबर १८१० रोजी डोलोरेस गावच्या मिगेल इदाल्गो या पाद्र्यानं स्पॅनिश राजवटीविरुद्ध उठावाची हाक दिली. तोवर खाणींतली चांदी मेक्सिको शहराच्या टांकसाळीत जायची. लढाईमुळे वाटा बंद झाल्या, चांदी खाणीपाशीच अडकली. सैन्याचा पगार मात्र द्यावाच लागत होता. मग राजनिष्ठांनी साकातेकास, दुरांगो, चिवावा इथं तात्पुरत्या टांकसाळी काढल्या. दक्षिणेत बंडखोरांचा सेनानी मोरेलोस धनुष्यबाणाची नाणी काढत होता, पण त्यात चांदीची थोडी आणि तांब्याचीच जास्त.

चिवावाची आठ रेआलची (रेआल हे स्पॅनिश चलन) नाणी १८१३ पर्यंत चक्क ओतीव होती! चांदी साधारण ९६२ अंश सेल्सियसला वितळते. शुद्ध चांदीचा रस स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे वीसपट ऑक्सिजन पोटात घेतो आणि थिजताना तो बाहेर टाकतो. तांब्याच्या मिश्रणानं हा प्रकार कमी होतो. तरी वायूमुळे आणि थिजताना धातू आकसल्यामुळे बारीक छिद्रं राहतातच. भिंगाखाली अक्षरांच्या कडा बोथट आणि पृष्ठभाग खरबरीत दिसतो. छिद्रांमुळे नादही दबतो. एरवी नकली नाण्याची म्हणून सांगितली जाणारी ही सगळी लक्षणं इथं अस्सल नाण्यावर आहेत.

मग खरं कसं ओळखायचं? पहिली चाचणी आर्किमिडीजची. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवा, काटा शून्यावर आणा आणि दोऱ्याला बांधलेलं नाणं तळाला न टेकवता पाण्यात बुडवा. सुमारे २७ ग्रॅमच्या, नव्वद टक्के चांदीच्या नाण्याला काटा २.६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, दाखवतो. छिद्रं असतील तर थोडा जास्त. वरून चांदीचा मुलामा दिलेलं तेवढ्याच वजनाचं पितळ ३.२ च्या जवळ जातं. घरात व्हिक्टोरिया राणीचा रुपया असेल तर आधी त्यावर हात बसवा; तिथं १.१३ यायला हवेत.

मात्र आजच कुणी चांगल्या चांदीत नाणं ओतलं, तर ही चाचणी फसते. क्ष-किरणांचं यंत्र मिश्रण सांगतं, पण वरच्या पातळ थराचंच. पारा वापरून काढलेल्या जुन्या चांदीत सोन्याचा अंश राहून जायचा, आजच्या शुद्ध केलेल्या चांदीत तो जवळपास नसतो. तेवढा धागा हाती लागतो. आणि कृपा करून नाणं घासून लखलखीत करू नका. नाण्यावर चढलेल्या काळ्या थराबरोबर पुरावाही जातो.

मला स्वतःला सर्वांत मोलाची वाटतात ती १८१३ नंतरची चिवावाची नाणी. टांकसाळीनं जुन्या ओतीव नाण्यांवरच नवा ठसा मारला. तिरप्या उजेडात धरलं, तर राजाच्या नव्या चेहऱ्याखालून आधीच्या नाण्याची एखादी रेघ वर आलेली दिसते.