उलटतपासणी (भारतातील फौजदारी खटला)

सरकार पक्षाच्या साक्षीदाराची सरतपासणी, म्हणजे सरकारी वकिलांनी आधी घेतलेली तपासणी, संपल्यावर आरोपीचे वकील त्याला जे प्रश्न विचारतात, ती उलटतपासणी. त्यानंतर गरज वाटल्यास सरकारी वकील फेरतपासणी घेतात. हा क्रम १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने घालून दिला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो कायम आहे. उलटतपासणीत सूचक प्रश्न, म्हणजे ज्यात अपेक्षित उत्तर आधीच दडलेले असते असे प्रश्न, चालतात. सरतपासणीत न आलेल्या मुद्द्यांवरही विचारता येते. प्रश्न खटल्याशी संबंधित असला की पुरे.

साक्षीदारावर आवाज चढवणे म्हणजे उलटतपासणी, हा समज बचावाचे फार नुकसान करतो. खरे काम आदल्या रात्री कागदांवर होते. फिर्याद, पोलिसांनी घेतलेले जबाब, पंचनामे आणि वैद्यकीय कागद शेजारी ठेवून वेळ, अंतर, उजेड, हजर माणसे ताडून पाहावी लागतात. यातले सर्वांत धारदार हत्यार म्हणजे पोलीस जबाब. त्यावर साक्षीदाराची सही घेतली जात नाही आणि तो स्वतः पुरावाही नसतो; पण साक्षीदार कोर्टात वेगळे बोलला तर ती तफावत दाखवायला बचावाला तो वापरता येतो.

समजा, रात्रीच्या मारहाणीचा साक्षीदार कोर्टात सांगतो की खांबावरच्या दिव्यात त्याने आरोपीला ओळखले. जबाबात दिव्याचा उल्लेखच नाही. वकील आधी कोर्टातले म्हणणे पक्के करून घेतात आणि मग विचारतात, ‘दिव्याची गोष्ट पोलिसांना सांगितली होती का?’ साक्षीदार ‘हो’ म्हणतो. नोंद होते: ‘माझ्या जबाबात तसे का लिहिले नाही, याचे कारण मला सांगता येणार नाही.’ इथे काम अर्धेच झालेले असते. पुढे तपासी अंमलदार साक्षीला आले की साक्षीदाराने तसे सांगितले नव्हते, हे त्यांच्या तोंडून यावे लागते. तो प्रश्न राहून गेला तर आधीची मेहनत वाया जाते, आणि तो राहून जातोही. जबाबात नसलेली गोष्ट अशी कोर्टात येते, तेव्हा वकिलांच्या बोलीत तिला ‘ओमिशन’ म्हणतात. जबाबातले वाक्यच कोर्टातल्या वाक्याच्या उलट असेल तर ते ‘कॉन्ट्रडिक्शन’. मग तेवढा भाग साक्षीदाराला वाचून दाखवून त्यावर खूण करावी लागते. जबाबात राहिलेली प्रत्येक बाब विसंगती ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली तहसीलदार सिंह खटल्यात स्पष्ट केले. किरकोळ तपशिलांची रास घालण्यापेक्षा ओळख, हत्यार, हजेरी अशा गाभ्याच्या दोन-तीन गोष्टींवर भर देणे म्हणूनच श्रेयस्कर.

हवे ते उत्तर मिळाले की थांबणेही तितकेच अवघड. ‘अंधारात चेहरा दिसला नाही’ असे साक्षीदार म्हणाला आणि वकिलांनी उत्साहात ‘मग ओळखलेत कसे?’ असे विचारले, तर ‘आवाजावरून, लहानपणापासून शेजारी राहतो’ हे उत्तर येऊ शकते. सरकार पक्षाची उणीव मग बचावानेच भरून काढलेली असते.

पंच साक्षीदाराकडे, म्हणजे पंचनाम्याच्या वेळी हजर असलेल्या साक्षीदाराकडे, पाहण्याची रीत निराळी: सह्या कुठे केल्या, मजकूर वाचून दाखवला का, मुद्देमालाला त्याच्यासमोर सील लागले का, एवढ्यावर बरेच उलगडते. साक्षीदार फितूर झाला, म्हणजे सरकार पक्षाच्याच विरोधात बोलू लागला, तर सरकारी वकीलही कोर्टाच्या परवानगीने उलटतपासणीसारखे प्रश्न विचारतात. मात्र त्याची साक्ष पुसली जात नाही, विश्वसनीय भाग वापरता येतो. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात संमतीचा प्रश्न असताना पीडितेच्या चारित्र्याविषयी किंवा पूर्वीच्या लैंगिक अनुभवाविषयी प्रश्न विचारता येत नाहीत, आणि ही मर्यादा योग्यच आहे.

शेवटी बचावाची बाजू ‘सूचनां’च्या रूपात, म्हणजे ‘असे घडले, हे खरे ना?’ अशा विधानांतून, साक्षीदारापुढे ठेवली जाते. साक्षीत ती ‘हे म्हणणे खरे नाही की मी खोटी साक्ष देत आहे’ अशा वाक्यांत उमटते. महत्त्वाच्या मुद्द्यावर काहीच विचारले नाही तर तो मान्य असल्याचे धरले जाऊ शकते. उलट नाकारलेली सूचना आरोपीच्या बाजूचा पुरावा होत नाही. मात्र ‘तुम्हीच आधी आरोपीवर धावून गेलात’ असे सुचवले, तर आरोपी तिथे होता हे बचावाकडूनच पुढे येते. वकिलांच्या अशा सूचना आणि त्यांना मिळालेली उत्तरे आरोपीविरुद्ध विचारात घेता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली महाराष्ट्रातल्या एका खुनाच्या खटल्यात म्हटले आहे.