गाठ दुखतेय म्हणून निर्धास्त राहू नका

स्तनातली गाठ दुखत असेल तर साधी, दुखत नसेल तर कॅन्सर, हे वर्षानुवर्षं चालत आलंय आणि दोन्ही बाजूंनी चुकीचं आहे. फायब्रोअ‍ॅडिनोमाची गाठ कॅन्सरची नसते, तरी बहुतेक वेळा दुखत नाही, बोटाखाली सटकते फक्त. सोनोग्राफीत ती अंडाकृती, गुळगुळीत कडांची, उंचीपेक्षा रुंद दिसते. सिस्ट म्हणजे पाण्याची गाठ, ती सोनोग्राफीत आतून पूर्ण काळी, भिंत पातळ आणि मागचा भाग उजळ, कारण पाण्यातून आवाजाच्या लहरी फारशा न अडता पुढे जातात. पू झाला असेल तर भिंत जाड, आत गढूळ, प्रोबने (त्वचेवर फिरवायच्या यंत्राने) हलकं दाबलं की ते हलताना दिसतं, आणि डॉपलरवर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, कडेने रक्तप्रवाह वाढलेला पण मधे काहीच नाही.

खरी गोची पुढे आहे. इन्फ्लमेटरी कॅन्सरमध्येही स्तन लाल, गरम, सुजलेला असतो, कधी दुखतोसुद्धा, आणि सोनोग्राफीत जाड झालेली त्वचा आणि सूज इन्फेक्शनसारखीच दिसू शकते, त्यामुळे नुसत्या फोटोवर कोणी छातीठोक सांगू शकत नाही. अँटिबायोटिकचा ७ ते १० दिवसांचा कोर्स होऊनही लाली उतरली नाही तर गोळ्या बदलत बसू नका, डॉक्टरांना सरळ बायोप्सीचं (छोटा तुकडा काढून तपासण्याचं) विचारा.