अमेरिकन नवरा, गरोदर बायको: भेटीचा व्हिसा की पत्नीचा?

नवरा अमेरिकेचा नागरिक, बायको भारतीय, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं आणि तिला दिवस गेलेत. तिला लवकर तिकडे न्यायचं म्हणून घरात धावपळ सुरू होते. अशा वेळी ‘आधी व्हिजिटर व्हिसा काढा, बाकीचं तिकडे गेल्यावर बघू’ असा सल्ला हमखास मिळतो. अनेक अर्ज या सल्ल्यामुळेच फसतात, कारण बी-2 हा भेटीचा व्हिसा आणि सीआर-1 हा पत्नीचा व्हिसा यांत अर्जदाराने सिद्ध करायच्या गोष्टी एकमेकींच्या अगदी उलट आहेत. बी-2 साठी ‘मी परत येणार’ हे पटवावं लागतं, तर सीआर-1 साठी ‘आमचं लग्न खरं आहे आणि मी तिथेच राहणार’ हे.

सीआर-1 ची सुरुवात नवरा करतो. तो आय-130 ही याचिका भरतो. ऑनलाइन भरली तर 625 डॉलर, कागदावर 675. ती मंजूर झाली की प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे जातं. तिथे 325 आणि 120 डॉलरची दोन शुल्कं, डीएस-260 अर्ज आणि नवऱ्याच्या उत्पन्नाचं हमीपत्र आय-864 द्यावं लागतं. त्यानंतर मुंबईत वैद्यकीय तपासणी आणि बीकेसीतल्या वाणिज्य दूतावासात मुलाखत. या सगळ्याला वर्षभर किंवा त्याहून जास्त लागतं. म्हणजे दिवस गेल्यावर याचिका भरली, तर बाळंतपण व्हिसाच्या आधी होणार हे धरूनच चालावं.

बी-2 चा अर्ज बायको स्वतः करते: डीएस-160 हा अर्ज, 185 डॉलर शुल्क आणि मुलाखत. कायद्याचं कलम 214(ब) अर्जदाराला आधीच स्थलांतरित मानतं. तसं नाही हे दाखवणं तिच्यावर असतं. नवरा अमेरिकेत आहे म्हटल्यावर हे सगळ्यात अवघड. डीएस-160 मध्ये जोडीदार तिथे आहे का आणि तुमच्यासाठी कोणी स्थलांतराची याचिका भरली आहे का, हे दोन्ही विचारलेलं असतं. आय-130 भरलेली असेल तर उत्तर ‘हो’ असंच द्यायचं. त्याने नकाराची शक्यता वाढते, पण दार बंद होत नाही. नोकरीतून मंजूर झालेली रजा आणि रुजू व्हायची तारीख, इथे सुरू असलेलं शिक्षण, इथे राहून पूर्ण करायची सीआर-1 ची मुलाखत हे मुद्दे खरे असतील तर उपयोगी पडतात. जमिनीचे सातबारे आणि एफडीच्या पावत्यांची जाडजूड फाईल नेण्यापेक्षा ‘परत कधी आणि कशासाठी’ याचं एक सरळ उत्तर जास्त कामाचं.

गरोदरपणाचा मुद्दा इथे येतो. गरोदर असणं हे व्हिसा नाकारण्याचं कारण नाही. पण 24 जानेवारी 2020 पासूनच्या नियमानुसार अर्जदार त्या मुक्कामात बाळंत होईल असं अधिकाऱ्याला वाटलं, तर बाळाला नागरिकत्व मिळवून देणं हाच मुख्य हेतू आहे असं तो गृहीत धरतो, आणि तो हेतू बी-2 मध्ये बसत नाही. हे गृहीतक खोडून काढता येतं. उपचारासाठी जात असाल तर अमेरिकेतल्या डॉक्टरने घेतलेली जबाबदारी, अंदाजे खर्च आणि तो भरण्याची सोय कागदांवर दाखवावी लागते.

अमेरिकन नागरिकाच्या बायकोकडे मात्र याहून भक्कम उत्तर असतं, आणि ते बऱ्याच जोडप्यांना माहीतच नसतं. लग्नाच्या जोडप्यात वडील बाळाच्या जन्माच्या वेळी अमेरिकन नागरिक असतील आणि त्याआधी एकूण 5 वर्षं, त्यातली किमान 2 वर्षं वयाच्या 14 वर्षांनंतर, प्रत्यक्ष अमेरिकेत राहिलेले असतील, तर बाळ नाशिकला जन्मलं काय आणि न्यू जर्सीला जन्मलं काय, ते जन्मतः अमेरिकन नागरिकच. ही 5 वर्षं मोजताना नागरिक होण्याआधीची, विद्यार्थी म्हणून किंवा एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर काढलेली वर्षंही धरली जातात. मग ‘नागरिकत्वासाठी जाते आहे’ या आक्षेपात दम राहत नाही. नवऱ्याचा पासपोर्ट आणि जुन्या डब्ल्यू-2 च्या, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या वार्षिक पगारपत्रकांच्या प्रती सोबत ठेवाव्यात, आणि विचारलं तर हेच शांतपणे सांगावं.

नवरा फक्त ग्रीन कार्डधारक असेल तर हे लागू नाही. भारतात जन्मलेलं बाळ तेव्हा अमेरिकन नागरिक होत नाही आणि बायकोची याचिकाही एफ2ए या, ग्रीन कार्डधारकांच्या कुटुंबीयांसाठीच्या रांगेत जाते. या जोडप्यांनी नागरिकांसाठीचे सल्ले आपल्याला लावू नयेत.

मुलाखतीतला सगळ्यात महागडा प्रसंग असा असतो. सातवा महिना चालू, सैल कुडता, आणि ‘कशासाठी जाताय?’ या प्रश्नाला ‘फक्त नवऱ्याला भेटायला, तीन आठवडे’. परतीचं तिकीट मात्र पाच महिन्यांनंतरचं, आणि तिकडच्या हॉस्पिटलमध्ये नाव आधीच नोंदवलेलं. 214(ब) खालचा नकार तसा सौम्य असतो: अपील नाही, पण शुल्क भरून पुन्हा अर्ज करता येतो, आणि त्याने सीआर-1 अडत नाही, कारण स्थलांतराचा हेतू हा त्या व्हिसाचा पायाच आहे. खोटी माहिती दिल्याचा शिक्का बसला तर मात्र कायमची प्रवेशबंदी लागते आणि ती सीआर-1 लाही आडवी येते. मग माफीचा वेगळा अर्ज करत बसावं लागतं. या दोन्हींतला फरक पाठ करून ठेवावा: नकार पचतो, खोटं पचत नाही.

बी-2 मिळाला तरी व्हिसावरची दहा वर्षं म्हणजे दहा वर्षं राहण्याची परवानगी नव्हे. किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, सहसा 6 महिने, आणि ती तारीख आय-94 या प्रवेशनोंदीवर असते. उतरल्यावर ती ऑनलाइन तपासावी. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं तर तारीख संपायच्या आत आय-539 हा अर्ज भरून मुदतवाढ मागता येते. ‘तिथे गेल्यावर ग्रीन कार्डचा अर्ज करू’ असं आधीच ठरवून बी-2 वर जाणं हा गैरवापर आहे. तिथे गेल्यावर परिस्थिती खरोखर बदलली तर नागरिकाच्या पत्नीला कायदा वाट देतो, पण हेतू आधीपासूनचा नव्हता हे तपासलं जातं.

पैशांचाही विचार हवा. प्रवासी विम्यात नॉर्मल बाळंतपण सहसा नसतं. नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यात बायकोचं नाव लग्नानंतर ठरावीक दिवसांत, बहुतेक ठिकाणी 30 दिवसांत, घालावं लागतं. ती मुदत हुकली असेल तर नाव पुन्हा कधी घालता येईल हे तिकीट काढायच्या आधी एचआरला विचारावं. विमान कंपन्या साधारण 28 आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि 36 नंतर सहसा घेत नाहीत. जुळी असतील तर 32.

सीआर-1 गरोदरपणातच मुलाखतीपर्यंत पोचला तर अडचण वैद्यकीय तपासणीची. छातीचा एक्स-रे गरोदर अर्जदारालाही चुकत नाही. पोटाला शिशाचं कवच बांधून तो काढता येतो किंवा बाळंतपणानंतर काढायचा म्हणून थांबता येतं, पण तोवर व्हिसाही थांबतो. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) आणि कांजिण्यांची लस गरोदरपणात देत नाहीत. डॉक्टर तशी नोंद करतात, त्याने अर्ज अडत नाही. हमीपत्रात पोटातलं बाळ कुटुंबाच्या संख्येत धरत नाहीत.

आमचा कल स्पष्ट आहे: नवरा 5 वर्षांची अट पुरी करत असेल आणि कायम तिकडेच राहायचं असेल, तर आय-130 आजच भरावी आणि बाळंतपण माहेरी होऊ द्यावं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत इथे कायद्याच्याही सोयीची पडते. जन्मानंतर महापालिकेचा किंवा नगरपरिषदेचा जन्मदाखला घ्यावा आणि त्यावर आईवडिलांची नावं पासपोर्टप्रमाणे अक्षरशः तशीच आहेत ना ते पाहावं. दाखल्यावर ‘सौ.’ घातलेलं किंवा पासपोर्टवर सासरचं असताना आईचं माहेरचं आडनाव लिहिलेलं असेल तर पुढे दुरुस्तीत आठवडे जातात. मग वाणिज्य दूतावासाकडे जन्मनोंदीचा, म्हणजे सीआरबीएचा अर्ज करावा. त्याचे 100 डॉलर, बाळाच्या पासपोर्टचे 135. सोबत वडिलांच्या वास्तव्याचे पुरावे लागतात: कॉलेजच्या गुणपत्रिका, डब्ल्यू-2, शिक्के असलेले जुने पासपोर्ट. नुसती कर विवरणपत्रं पुरत नाहीत, कारण त्यांतून माणूस त्या वर्षी प्रत्यक्ष देशात होता हे दिसत नाही.

बाळाच्या नव्या अमेरिकन पासपोर्टवर भारताचा व्हिसा नसतो. त्यामुळे देश सोडण्याआधी ई-एफआरआरओ या, परदेशी नागरिकांसाठीच्या भारत सरकारच्या पोर्टलवर एक्झिट परमिट (देश सोडण्याची परवानगी) काढावं लागतं. ते हातात येईपर्यंत बाळाचं तिकीट काढू नये.