‘सेवेमुळे झालेला’ की ‘सेवेमुळे बळावलेला’?

कामठीत लष्कराच्या गार्ड्स रेजिमेंटचं सेंटर असल्यामुळे नागपुरात माजी सैनिक भरपूर. डिसॅबिलिटी पेन्शन, म्हणजे सेवेतल्या अपंगत्वाबद्दलची पेन्शन, नाकारली गेली की अपिलाचा मसुदा बहुतेकदा एकाच वाक्यानं सुरू होतो: ‘हा आजार फौजेमुळेच झाला.’ फ्रॉस्टबाइटला ते शोभतं. सोरायसिसला, म्हणजे कातडीवर चट्टे येणाऱ्या आजाराला, नाही.

फ्रॉस्टबाइट ही इजा आहे. सियाचीनसारख्या ठिकाणी बोटातलं पाणी गोठतं, रक्त थांबतं, पेशी मरतात. कधी बोटच काढावं लागतं. नागपूरच्या डिसेंबरात हे कुणाला होत नाही, म्हणून कारण शोधत बसावं लागत नाही. इंज्युरी रिपोर्ट, मिलिटरी हॉस्पिटलचे कागद आणि त्या तारखेची पोस्टिंग जुळली की मुद्दा सिद्ध.

सोरायसिसचं तसं नाही. त्याची प्रवृत्ती शरीरातच असते, असं म्हणून मेडिकल बोर्ड, म्हणजे फौजेच्या डॉक्टरांचं मंडळ, ‘सेवेमुळे झालेला नाही, बळावलेलाही नाही’ असा शेरा मारतं. त्यातल्या पहिल्या अर्ध्याशी भांडण्यात बरेच जण ताकद घालवतात. माझ्या मते भांडायचं ते दुसऱ्या अर्ध्याशी. कोरड्या थंडीनं आणि मानसिक ताणानं सोरायसिस चिघळतो, हे डॉक्टरही मान्य करतात. चट्टे कधी वाढले, मेडिकल कॅटेगरी (तब्येतीची श्रेणी) कधी खाली आली आणि तेव्हा पोस्टिंग कुठे होती, हे तारखांसह लिहा. ‘बळावलेला’ ठरलं तरी पेन्शन मिळते. फक्त अपंगत्व किमान २० टक्के लागतं.

धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर शंकेचा फायदा जवानाला, आणि बोर्डानं कारणं द्यायला हवीत. मात्र २०२३ मध्ये नवे नियम आले आहेत, तेव्हा आपल्याला कुठले नियम लागतात हे कळायला निवृत्तीची तारीख आधी पाहा. पहिलं अपील, मग दुसरं. तिथेही नकार आला तर मुंबईचं सशस्त्र दल न्यायाधिकरण.

फ्रॉस्टबाइट आणि सोरायसिस यांच्या मधला एक त्रास म्हणजे चिलब्लेन. यात पेशी गोठत नाहीत. ओल्या थंडीत बोटं लाल होतात, सुजतात, खाजतात. ऊब मिळाली की आठवड्या-दोन आठवड्यांत कातडी स्वच्छ. उन्हाळ्यात बोर्डापुढे उभ्या राहिलेल्या माणसाकडे दाखवायला काहीच नसतं. असतात त्या हिवाळ्यातल्या एमआय रूमच्या (युनिटच्या दवाखान्याच्या) नोंदी, आणि त्यांच्या नकला बहुतेकांनी मागितलेल्याच नसतात.