होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम

मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आताचा नर्मदापुरम) जिल्ह्यातील सरकारी शाळांमध्ये इयत्ता सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी 1972 ते 2002 या काळात राबवलेला, प्रयोग आणि चर्चेवर आधारलेला विज्ञान अध्यापनाचा उपक्रम. भारतात कृतियुक्त अध्यापनाचे प्रयत्न पुष्कळ झाले. मात्र निवडक खाजगी शाळांपुरते न राहता ग्रामीण भागातील साध्या सरकारी शाळांत, तेथील शिक्षकांकरवी तीन दशके चाललेला प्रयत्न म्हणून या उपक्रमाचे स्थान वेगळे आहे.

किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी राज्य शासनाच्या परवानगीने 16 शाळांमध्ये हे काम सुरू केले. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठ येथील वैज्ञानिक व प्राध्यापक त्यात सहभागी झाले. 1978 मध्ये जिल्ह्यातील सहावी ते आठवीच्या सर्व शाळा कार्यक्रमात आल्या, आणि 1982 मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य या संस्थेने पुढे त्याची धुरा सांभाळली.

वर्गातील कामाची पद्धत दिसायला सोपी होती. मुले चार-चार जणांच्या टोळ्यांत बसत, प्रयोग करत, निरीक्षणे वहीत टिपत आणि शेवटी सगळा वर्ग मिळून त्यांवर चर्चा करत असे. ‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकात प्रयोग कसा करावा याच्या सूचना आणि प्रश्न असत, उत्तरे मात्र नसत. त्यामुळे पुस्तक पुरे व्हायचे ते विद्यार्थ्याच्या वहीत. प्रयोगाचा निष्कर्ष आधी सांगून मग तो पडताळून दाखवण्याची जी रीत शाळांत रूढ आहे, तिच्या हे नेमके उलट होते.

मुळे आणि पाने यांच्या अभ्यासावरून ही पद्धत चांगली उमगते. मुले शाळेबाहेर जाऊन रोपे मुळांसकट आणतात. उपटताना घाई झाली तर मुळाचा मोठा भाग मातीतच तुटून राहतो आणि नोंद चुकते, म्हणून आधी भोवतालची माती सैल करावी लागते. मग मुळे धुऊन, पान उजेडासमोर धरून शिरा पाहायच्या आणि तक्ता भरायचा : सोटमूळ की तंतुमय मुळे, जाळीदार शिरा की समांतर. टाकळा एका बाजूला, दूर्वा दुसऱ्या बाजूला, असे दहा-बारा रोपांनंतर ज्यांची मुळे तंतुमय त्यांच्या पानांतील शिरा बहुधा समांतर, हा संबंध तक्त्यातूनच वर येतो. त्याला भिजवलेल्या बियांची जोड दिली, म्हणजे हरभऱ्याची दोन डाळिंब्यांत होणारी फोड आणि तशी न फुटणारा मक्याचा दाणा शेजारी ठेवला, की द्विबीजपत्री आणि एकबीजपत्री हे शब्द सर्वांत शेवटी, गरज पडल्यावर येतात. केळीचे पान आले की वाद होतो, कारण त्यातील शिरा एकमेकींना समांतर असल्या तरी मधल्या जाड शिरेपासून कडेकडे जातात. घोटवेल तर एकबीजपत्री असूनही जाळीदार शिरांची. असा अपवाद समोर आल्यावर तो बाजूला सारायचा की नियमाची मर्यादा मानायची, हा प्रश्न शिक्षकाने वर्गाकडेच सोपवायचा असतो, आणि या पद्धतीचा सर्वांत कठीण भाग तोच आहे. प्रयोग करून घेणे त्यामानाने सोपे.

मोजमापातील तफावतीलाही अभ्यासक्रमात मानाचे स्थान होते. एकच लांबी वर्गातील प्रत्येकाने मोजली तर उत्तरे थोडीफार वेगळी येतात. ती चूक म्हणून खोडण्याऐवजी फळ्यावर मांडून त्यांच्या पसरणीचा विचार केला जाई. नाणी उडवून संभाव्यतेची कल्पना रुजवण्यामागेही हीच दृष्टी होती.

साहित्य स्वस्त आणि शक्यतो परिसरातले असे. विच्छेदनाच्या सुईऐवजी बाभळीचा काटा वापरल्याचे उदाहरण नेहमी सांगितले जाते. पुण्यातील टेल्को कारखान्यात अभियंता असलेले अरविंद गुप्ता 1978 मध्ये रजा घेऊन येथे आले आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी व आगकाड्या जोडून त्रिकोण, घन अशा आकृत्या बनवण्याची त्यांची युक्ती याच वातावरणात आकाराला आली. तथापि स्वस्त साहित्य म्हणजेच कृतियुक्त अध्यापन, हा नंतर पसरलेला समज अपुरा आहे.

खरा भर शिक्षकांवर होता. त्यांना सुट्टीत सलग काही आठवडे प्रशिक्षण दिले जाई आणि तेथे मुलांचेच प्रयोग ते स्वतः करत, अडत, वाद घालत. त्यानंतर मासिक बैठका आणि शाळांना भेटी चालू राहत. ‘मला ठाऊक नाही, बघू या’ असे वर्गापुढे म्हणण्याची मोकळीक या कामाने शिक्षकाला दिली. मुलांच्या शंकांसाठी ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते. त्याच्या नावाने येणाऱ्या पत्रांना उत्तरे जात.

परीक्षाही बदलली, आणि ती बदलली नसती तर बाकी सारे वर्षभरात घोकंपट्टीकडे परतले असते. लेखी परीक्षेत पुस्तक आणि स्वतःची वही जवळ ठेवण्याची मुभा होती. पाठांतराचा प्रश्न त्यामुळे आपोआप बाद झाला. दिलेल्या निरीक्षणांवरून तर्क करणे, प्रयोगाची आखणी करणे असे प्रश्न येत, आणि जोडीला प्रात्यक्षिक परीक्षा असे.

2002 मध्ये मध्य प्रदेश शासनाने कार्यक्रम बंद केला. या पद्धतीने शिकलेली मुले पुढे दहावीच्या मंडळ परीक्षेत मागे पडतात, हा त्यामागील प्रमुख आक्षेपांपैकी एक होता. देशभरातील अनेक वैज्ञानिकांनी व शिक्षणतज्ज्ञांनी निर्णयाला विरोध केला, पण तो फिरला नाही. आठवीपर्यंत वही उघडून विचार करणाऱ्या मुलाला नववीत पुन्हा पाठांतराच्या परीक्षेला बसवले, तर तुलना कशाची होते, हा प्रश्न त्या वादात मागेच राहिला.

महाराष्ट्राशी या कामाचे धागे अनेक बाजूंनी जुळतात. ज्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे वैज्ञानिक या कामात सहभागी होते, तिनेच 1974 मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. एकलव्यच्या ‘संदर्भ’ या नियतकालिकाच्या धर्तीवर पुण्यातून मराठीत ‘शैक्षणिक संदर्भ’ निघू लागले. अरविंद गुप्ता यांनी पुढे पुण्यातील आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्राच्या आवारातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान खेळणी बनवण्याचे काम केले. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.