टॉर्चची रील बघून डोळा तपासता येतो का?

मेडिकल असो की मेयो, नागपुरातल्या या दोन्ही सरकारी हॉस्पिटलांत डोळ्याच्या ओपीडीत सकाळी ही गर्दी, गडचिरोलीपासून पार छिंदवाड्यापर्यंतचे पेशंट, आणि सर टॉर्च मारून नेमकं काय दाखवताहेत ते डॉक्टरकी शिकणाऱ्यांपैकी पुढच्या दोघा पोट्ट्यांनाच दिसतं. बाकीचे मग रात्री होस्टेलवर मोबाईलमधे शोधतात. शोधू द्या. काही गोष्टींसाठी मिनिटभराची रील पुस्तकापेक्षा भारीच आहे.

आता टॉर्च या डोळ्यावरून त्या डोळ्यावर फिरवायची टेस्ट घ्या. एका डोळ्यात उजेड मारला तरी दोन्ही बाहुल्या बारीक होतात, कारण डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या एका नसेतून गेलेला सिग्नल मेंदू दोन्हीकडे वाटतो. समजा उजवी नस खराब आहे, तर टॉर्च डाव्यावर धरली की दोन्ही बारीक होणार, पण तीच झटकन उजव्यावर आणली की मेंदूला वाटतं उजेडच कमी झाला, आणि समोर टॉर्च असूनही बाहुली मोठी होते! फोटोत हे दिसणार कसं, दोन्ही बाहुल्या तर कायम सारख्याच असतात, सगळी गंमत हलण्यात आहे. एकेका डोळ्यावर दोन-तीन सेकंद थांबायचं, ते टायमिंगपण रीलमधेच नीट कळतं.

आणि ही टेस्ट फक्त व्हायवापुरती, म्हणजे तोंडी परीक्षेपुरती नाहीये. नुसत्या मोतीबिंदूने, तो कितीही पिकलेला असो, त्या डोळ्याची बाहुली अशी वागत नाही. म्हणजे आजोबांना मोतीबिंदू आहे आणि वर ही टेस्टही पॉझिटिव्ह आली, तर आत नसेचा किंवा डोळ्याच्या मागच्या पडद्याचा (रेटिनाचा) मोठा प्रॉब्लेम असणार, ऑपरेशननंतर लख्ख दिसेल असं घरच्यांना सांगून मोकळं होऊ नका.

ऑफ्थॅल्मोस्कोपचं, म्हणजे डोळ्याच्या आत बघायच्या यंत्राचं, मात्र वेगळं आहे. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५१ मधे तो जगापुढे आणला, पण त्यातून एका वेळी एकालाच दिसतं, सरांना दिसतं तेव्हा तुम्हाला नाही. मोबाईलवर शूट केलेला डोळ्याचा पडदा इथे कामी येतो, रक्तवाहिनी पकडून डिस्कपर्यंत, म्हणजे पडद्यावर नस जिथे दिसते तिथपर्यंत, कसं पोचायचं ते कळतं. पण पेशंटचा उजवा डोळा आपल्या उजव्याने, डावा डाव्याने बघायचा, साधारण १५ अंश बाहेरच्या बाजूने जवळ जायचं, हे रील सेव्ह करून हातात येत नाही राजेहो, रूममेटला खुर्चीत बसवावंच लागतं.

बाकी रील कोणती बघायची? टॉर्चच्या टेस्टमधे खोलीत अंधार नसेल, किंवा पेशंट लांब भिंतीकडे न बघता टॉर्चकडेच बघत असेल तर सरळ पुढे सरकवा, जवळ बघितलं की बाहुली तशीही बारीक होते.